पोट साफ होण्याचे औषध

बाई, मी आता केडगावात राहते, भाचीच्या घरी. गेल्या आठवड्यात शेजारची पोर दवाखान्यातून घरी आली. दिवस जाऊन दुसराच महिना, आणि तिचं पडलं होतं. तिची आई गोळ्यांचं पाकीट घेऊन माझ्याकडे आली, "मावशी, तुम्ही नर्स होता, एवढं वाचून सांगा, या कसल्या आहेत?" मी चष्मा लावला, पाकीट उजेडाकडे धरलं, पण ती बारीक इंग्रजी अक्षरं माझ्या डोळ्यांना काही लागेनात. तेवढ्यात ती पोरच आतून म्हणाली, "आई, त्यांना कशाला त्रास देतेस? पिशवी साफ व्हायच्या गोळ्या आहेत. डॉक्टरांनी सगळं सांगितलंय मला." आणि कधी घ्यायच्या, किती अंगावर जाईल, किती गेलं तर लगेच धावायचं, ताप आला तर काय करायचं, हे सगळं तिने पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. दोन दिवसांत ती उठून बसली, आज कामावरही गेली. सगळं नीट झालं. मला आनंदच व्हायला हवा होता. पण तो ‘साफ’ शब्द कानात गेला आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्ही एकदा मला विचारलं होतंत, "साफ सांगितलंस ना?" आणि मी "हो" म्हटलं होतं. त्या ‘हो’बद्दल हे पत्र आहे.

तुम्हाला कंटाळा येईल, पण मी सावकाश सांगणार. आता घाई करायला माझ्याजवळ काही उरलेलं नाही.

श्रीगोंद्याचा आपला बायकांचा दवाखाना आठवतो का? आठवत असेलच, मुख्य नर्स म्हणून तुमचं सगळं आयुष्य तिथे गेलं. तीन खोल्या, एक ओसरी, आणि ओसरीच्या कडेला औषधं द्यायची खिडकी. जर्मनची लढाई चालू होती तेव्हा. औषध मिळेना, बाटल्या मिळेनात, कागदसुद्धा जपून वापरायचा. बायका घरून बाटली घेऊन यायच्या, कुणी तेलाची, कुणी अत्तराची, एकीने तर चक्क रॉकेलची आणली होती आणि तुम्ही तिला हाकलून दिलं होतंत. बाटली उकळून धुवायची, मिक्श्चर भरायचं, आणि मग पाठीमागे खाचांची कागदी पट्टी डकवायची. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. आठ डोसांच्या आठ खाचा. ती पट्टी कापायला तुम्ही मला पहिल्या आठवड्यात शिकवलंत. मी वाकडी कापली की तुम्ही काही न बोलता ती माझ्या हातातून घ्यायच्या आणि चुलीत टाकायच्या. कागद इतका महाग असताना! मी मनात म्हणायची, या बाईला कागदाची माया नाही, माझी तर नाहीच नाही.

आणि अर्गट. अर्गटची मोठी काळी बाटली तुम्ही कुलपात ठेवायच्या. एकदा मी विचारलं, हे कशाचं असतं, तर तुम्ही म्हणालात, "ज्वारीच्या कणसावर काणी पडते ना, काळी बुरशी, तसलंच विलायतेतल्या एका धान्यावर पडतं. त्याचं हे." मला हसू आलं. आमच्या घरी काणी पडलेलं कणीस उपटून फेकतात, आणि इथे ते कुलपात! तुम्ही हसला नाहीत. गर्भ पडल्यावर, आतलं सगळं निघून गेल्यावर, बाईचं रक्त थांबत नसेल तर हे औषध तिला वाचवतं, असं तुम्ही सांगितलंत. "आणि दिवस गेलेल्या बाईनं हेच घेतलं तर?" तुम्हीच विचारलंत आणि तुम्हीच उत्तर दिलंत, "तर कळा सुरू होतील आणि पोर जाईल. बाईसुद्धा जाईल कदाचित. औषध तेच, बाटली तीच. औषधाला दोष नाही, पोरी. कुणाला आणि कधी, एवढंच आपल्या हातात असतं." हे वाक्य मी पुढे कितीजणींना ऐकवलं, मोजदाद नाही. माझंच असल्यासारखं ऐकवलं.

पण बाई, तो शब्दही तुमचाच होता, हे मी आज म्हणणार आहे. वॉर्डात गर्भ पडलेल्या बाईच्या खाटेशी उभ्या राहून तुम्ही विचारायच्या, "काय गं, झालं का पोट साफ?" आणि बाईला बरोबर कळायचं. ती लाजायचीसुद्धा नाही. तुम्हाला ते असं बोलायला जमायचं. मी एकोणीस वर्षांची, लग्न न झालेली, रविवारी चर्चमध्ये उपासनेला जाताना पदर डोक्यावरून ढळू न देणारी. मला तुमचा तो एकच शब्द उचलायला सोपा वाटला, आणि मी उचलला.

भीमेकडच्या एका गावातून एक बाई आली होती. त्या घरची थोरली सून. तिसऱ्या महिन्यात तिचं पडलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. चार दिवस आपल्याकडे राहिली, बरी झाली. घरी जाताना तिला अर्गटच्या आठ डोसांची बाटली द्यायची होती. तुम्ही मला सांगितलंत, चिठ्ठीवर लिही, ‘गर्भ पडल्यानंतर घेण्याचे. गरोदर बाईने घेऊ नये.’ आणि तुम्ही आत गेलात, आत एक बाळंतीण अडली होती. मी टाक शाईत बुडवला. खिडकीत तिचा नवरा उभा होता, मुंडासं काखेत धरून, आणि माझ्या टाकाकडे टक लावून पाहत होता. त्याच्या मागे आणखी दोघं-तिघं. त्यांच्यासमोर मी ‘गर्भ’ लिहू? माझे कान तापले. मी लिहिलं, ‘पोट साफ होण्याचे औषध. दिवसातून तीन वेळा.’ अक्षर छान आलं होतं, हे आजही मला दिसतं. गोंद लावला, डकवलं, बाटली दिली. खालच्या ओळीचं म्हणाल तर ती मी विसरले नव्हते. वरची लिहिली नाही म्हटल्यावर खालची कुठे शोभणार, म्हणून सोडली.

थोरलीने पाच डोस घेतले आणि तिला बरं वाटलं. बरं वाटलं की आपल्याकडे औषध कोण घेतं? उरलेले तीन डोस कोनाड्यात गेले. टाकायचे कशाला, दवाखान्याचं औषध, उपयोगी पडेल. आणि ते उपयोगी पडलं. धाकटी सून पाच महिन्यांची पोटुशी होती, तिला शौचाला होईना, पोट फुगून बसलं. तिच्या नवऱ्याने कोनाड्यातली बाटली काढली. तो चार बुकं शिकलेला, घरातला एकटाच वाचणारा. त्याने चिठ्ठी वाचली. पोट साफ होण्याचे औषध. त्यानेच पट्टी बघून, खाच बघून, बरोबर मापाने बायकोला पाजलं. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. अगदी मी लिहिलं होतं तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैलगाडी आली. गोधडीत गुंडाळलेली ती पोर, पांढरी फटक, बोटांना मुंग्या येतात म्हणून सारखे हात झटकत होती. बाळ गाडीतच गेलं होतं. सासू सांगत होती, "जड घागर उचलली आसंल हिनं. किती येळा सांगितलं, पन ऐकंल तर शपत. पोट फुगलं म्हून साफ व्हायचं आवशद बी दिलं, तुमच्याच हितलं, ह्ये बगा." आणि तिने कनवटीतून बाटली काढून तुमच्या हातात दिली. तुम्ही चिठ्ठी वाचलीत. माझ्याकडे पाहिलं नाहीत. आधी त्या पोरीकडे गेलात. संध्याकाळपर्यंत तुम्ही आणि डॉक्टरीणबाई तिच्याजवळून हलला नाहीत, आणि ती वाचली.

मग तुम्ही मला औषधांच्या खोलीत बोलावलंत. मला वाटलं आता माझी गठडी बांधायची. तुम्ही बाटली टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "वाच." मी वाचलं. "मोठ्यानं वाच." पुन्हा वाचलं. "कोणाचं पोट?" तुम्ही विचारलंत. "कशानं साफ?" तुम्ही ओरडला असतात तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही म्हणालात, "खाटेजवळ मी काय बोलते ते बाई ऐकते, मी तिच्यासमोर असते, तिला शंका आली तर ती विचारते. चिठ्ठी घरी जाते. तिला कोण विचारणार?" एवढंच. त्यापुढे शिक्षा नाही, काही नाही. त्या दिवसापासून खिडकीवर आपण प्रत्येक बाईला विचारू लागलो, घरात आणखी कुणाला दिवस गेलेत का? आणि उरलेलं औषध परत आणून द्यायचं. हे दोन नियम तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलेत.

ती आठ दिवस आपल्याकडे होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जगली ना, आता उगाच बोभाटा नको, दवाखान्याचं नाव जाईल, बायका यायच्या थांबतील. त्यांचंही खोटं नव्हतं. पण तुम्हाला ते पटेना. सासू रोज खाटेपाशी बसून घागरीचं पुराण लावायची, आणि ती पोर भिंतीकडे तोंड करून ऐकायची. तुम्ही म्हणालात, "हिच्या पदरात जो दोष पडलाय तो हिचा नाही. घरच्या पुरुषांसमोर सांगायला हवं, नाहीतर ही जन्मभर तो वाहील." तुमचे पाय तेव्हा सुजायचे, गाडीत बसवत नव्हतं. ती घरी गेल्यावर चार दिवसांनी बाजाराच्या गाडीतून तुम्ही मला पाठवलंत. निघताना म्हणालात, "जिनं लिहिलं तिनंच सांगायचं. साफ सांग. चिठ्ठी चुकीची होती, तुझ्या बायकोची चूक नाही. दोनच वाक्यं आहेत." मी वाटभर ती दोन वाक्यं घोकत गेले. बैलांनासुद्धा पाठ झाली असतील.

घर लिंपलेलं, नीटनेटकं. मला घोंगडी अंथरली, गुळाचा चहा दिला. सासरा बाजेवर, सासू चुलीपाशी, नवरा माझ्यासमोर उकिडवा बसलेला. ती दारात सुपात ज्वारी निवडत होती. दवाखान्यातून बाई आली म्हणून सगळ्यांना अप्रूप. मी तोंड उघडायच्या आधी तो नवराच बोलला. मान खाली घालून.

"बाई, येक इचारू का? बाटलीवरचं म्याच वाचलं हुतं. ह्या हातानं पाजलं. माज्या वाचन्यात तर काय चूक झाली न्हाई न्हवं?"

त्याने मला दार उघडून दिलं होतं, बाई. नुसतं आत पाऊल टाकायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "वाचण्यात चूक नाही."

"मंग?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. सुपातला हात थांबला होता. मी चहाच्या कपात पाहिलं आणि म्हटलं, "तिला औषध मानवलं नाही."

हे वाक्य कुठून आलं, मला ठाऊक नाही. मी ते घोकलं नव्हतं. पण आपल्याकडे ते किती सोपं असतं, आयतं जिभेवर असतं. कुणाचा अपमान नाही, कुणाचा गुन्हा नाही. नवऱ्याने मोठा श्वास सोडला, जणू त्याच्या छातीवरून धोंडा उतरला. सासरा म्हणाला, "आसतंय, आसतंय. येकेकाच्या अंगाचा गुन." आणि सासू चुलीपासून म्हणाली, "म्या म्हनत न्हवते? थोरलीला त्येच आवशद लागू पडलं की! हिच्या अंगातच काय तरी हाय." मी "तसं नाही" म्हटलं. म्हटलं खरं, पण कुणी ऐकावं अशा आवाजात नाही. त्या पोरीने एकदा वर पाहिलं. रागाने नाही. नवीन काहीतरी कळल्यावर माणूस पाहतं तसं. मग हात पुन्हा सुपात गेला.

परत आले तेव्हा तुम्ही ओसरीवर पाय पाण्यात सोडून बसला होता. विचारलंत, "साफ सांगितलंस ना?" मी म्हटलं, "हो बाई, साफ." तुम्ही आणखी काही विचारलं नाहीत. उठलात, ओल्या पायांनी आत गेलात आणि तुमचा टाक घेऊन आलात. तो लाकडी दांडीचा, ज्याला मी हात लावायची सोय नव्हती. म्हणालात, "आजपासून चिठ्ठ्या तूच लिही. चुकलेलं ज्याला सांगता येतं त्याच्या हातात औषध द्यायला मला भीती वाटत नाही." मी तो घेतला. वाकून तुमच्या ओल्या पायांना हातही लावला. आपल्यात तशी रीत नाही म्हणून तुम्ही मला रागावलात.

पुढच्या वर्षी थोरली आली होती, या खेपेला बाळंतपणाला. तुम्ही आजारी होता, आतल्या खोलीत विषमज्वराने फणफणलेल्या. खिडकीवर मीच होते. मी विचारलं, धाकटी कशी आहे? ती म्हणाली, "तिला म्हायेरी धाडली की. पोट बी धरत न्हाई, आवशद बी मानवत न्हाई, मंग ठिवून काय करायची? भावजींची दुसरी केली." तुम्ही दहा पावलांवर होता. शुद्धीवर होता. मी तुमच्या कपाळावरची पट्टी बदलली, तुम्ही विचारलंत, "कोण आलं होतं गं?" मी म्हटलं, "कुणी नाही, औषधाला आली होती एक." बाराव्या दिवशी तुम्ही गेलात.

आता खरं बोलते. मला तुमचाही राग येतो. एकोणीस वर्षांच्या पोरीला पुरुषांच्या बैठकीत एकटीला पाठवायचं नव्हतं. माझी चिठ्ठी तुम्ही तपासली नव्हती, ठीक आहे, गडबड होती. पण माझं ‘हो’सुद्धा तपासलं नाहीत. ‘काय शब्दांत सांगितलंस?’ एवढं विचारलं असतंत तर मी तिथेच कोसळले असते, आणि तुम्ही सुजलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी गाडी जुंपायला लावली असती. तुम्ही गेला असतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच राग येतो. हा राग घेऊन मी थकले, बाई. तुमच्यावरच ठेवून द्यावा म्हटलं तर तो तिथे टिकत नाही, परत माझ्याकडेच येतो.

पुढे मी नगरला मोठ्या दवाखान्यात लागले. नोकरीभर माझं नाव होतं, औषध द्यावं तर या बाईंनी. तरुण नर्सेस चेष्टा करायच्या, बाई औषध देतात का जबानी घेतात? घरात कुणाला दिवस गेलेत का, उरलं तर परत आणा, चिठ्ठी माझ्यासमोर वाचून दाखवा, वाचता येत नसेल तर पाठ म्हणा. माझ्या हातून पुन्हा एकही चूक झाली नाही. लोक म्हणतात ना, दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसं. पण तोंड माझं पोळलं नव्हतं.

शेवटचं सांगते आणि थांबते. हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला कळतं. तुमचा टाक ज्या डब्यात आहे त्याच डब्यात हे जाईल. त्या टाकाने मी कधीच लिहिलं नाही. दौतीचे दिवस होते तेव्हाही नाही.

मी निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षीची गोष्ट. सकाळची वेळ, बाह्यरुग्णांची रांग. एक म्हातारी आली, भावाच्या सुनेचा हात धरून. आठ दिवसांचा ताप, डोळे खोल गेलेले. मी गोळ्या पुढे केल्या, तर तिने हात मागे घेतला.

"गोळी नगं बाई. काडा-बिडा आसंल तर द्या. मला आवशद मानवत न्हाई."

"कुठलं औषध मानवत नाही?"

"कंचंच न्हाई. पयल्यापास्नं. म्या कंदी घेतच न्हाई."

सून म्हणाली, "लई हट्टी हाय. मागं पाय सडला हुता, तवा बी घेतलं न्हाई."

मी विचारलं, तुम्हाला हे कुणी सांगितलं? विचारायला नको होतं. मला गाव विचारायच्या आधीच कळलं होतं.

"शिरगोंद्याच्या दवाखान्यातली बाई आलती, सोता घरी. लई शिकल्याली हुती. बिचारी माज्यासाटी गाडीत बसून आली. तिनं सांगितलं म्हून तरी कळलं, न्हाईतर म्या कवाच मेले आसते."

तिने मला ओळखलं नाही. रांग मोठी होती, मागून लोक ढकलत होते. दोनच वाक्यं होती, बाई, आणि ती मला अजून पाठ होती. मी तिचा केसपेपर ओढला आणि त्यावर लिहिलं, ‘रुग्णास औषधे मानवत नाहीत.’ अक्षर छान आलं.